फात दिएमचे मृत आणि दोन पुस्तके

युद्धाविषयीच्या साहित्याचे मूल्यमापन करताना भाषा, व्यक्तिरेखा, निवेदनपद्धती यांची चर्चा आपण नेहमी करतो. परंतु एक साधा प्रश्न बहुधा विचारायचा राहून जातो : लेखकाने मृतांचे काय केले? त्याने त्यांच्याकडे नुसते पाहिले, त्यांच्याविषयी शोक केला, की एखाद्या ठरलेल्या युक्तिवादासाठी त्यांना साक्षीदार म्हणून उभे केले? व्हिएतनामच्या भूमीवर लिहिली गेलेली आणि काही महिन्यांच्या अंतराने प्रसिद्ध झालेली दोन इंग्रजी पुस्तके शेजारी शेजारी ठेवली, म्हणजे या प्रश्नाचे मोल ध्यानात येते. पहिले, ग्रॅहम ग्रीन यांची 'द क्वाएट अमेरिकन' ही कादंबरी. ती १९५५ च्या डिसेंबरात निघाली. दुसरे, डॉ. टॉम डूली यांचे 'डिलिव्हर अस फ्रॉम ईव्हिल' हे आठवणींचे पुस्तक. ते १९५६ चे. ग्रीन हे १९२६ मध्ये कॅथलिक झालेले इंग्रज लेखक. डूली हे सेंट लुईस शहरातील कॅथलिक घरात जन्मलेले, नोत्र दाम विद्यापीठात शिकलेले अमेरिकन नौदलाचे तरुण डॉक्टर. दोघांनीही उत्तर व्हिएतनाममधील एकाच समाजाचे दुःख पाहिले, आणि तो समाज आपल्यासारख्याच धर्मग्रामांतून राहणारा, जपमाळ म्हणणारा, मिरवणुका काढणारा कॅथलिक समाज होता. एकाच दुःखातून दोन भिन्न पुस्तके कशी निर्माण झाली आणि त्यांपैकी एकाचा एका महासत्तेच्या युद्धनीतीला कसा उपयोग झाला, हे पाहणे केवळ वाङ्मयीन कुतूहलाचा विषय नव्हे.

प्रथम स्थळाविषयी थोडेसे. तांबड्या नदीच्या मुखाजवळील सखल प्रदेशात फात दिएम हे गाव आहे. तेथील दगडी कॅथेड्रल एका व्हिएतनामी धर्मगुरूने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभारले. त्याची छपरे पॅगोडाच्या छपरांसारखी टोकांना वर वळलेली आहेत. परदेशी श्रद्धा देशी मातीत रुजते तेव्हा तिचे रूप कसे होते, याचा हा सुंदर नमुना होय. फ्रेंचांच्या विरुद्ध व्हिएतमिन्हचे युद्ध चालू असता फात दिएमचे बिशप ले हू तू यांच्यापाशी स्वतःचे सशस्त्र दल होते. ते फ्रेंचांचे मित्र नव्हते आणि कम्युनिस्टांचे तर नव्हतेच. १९५१ च्या डिसेंबरात व्हिएतमिन्हने या गावावर हल्ला चढविला, आणि त्याच सुमारास ग्रीन तेथे पोहोचले.

कादंबरीतील फात दिएमचे प्रकरण हे माझ्या मते ग्रीन यांच्या सर्व लेखनातील श्रेष्ठ पृष्ठांपैकी एक आहे. निवेदक थॉमस फाउलर हा इंग्रज वार्ताहर. त्याचा देवावर विश्वास नाही, आणि आपण कोणाच्याच बाजूचे नाही असे तो वारंवार बजावतो. फातिमामातेच्या मिरवणुकीच्या गर्दीत मिसळून शत्रूचे लोक गावात शिरले, ही हकिगत तो कोरडेपणाने सांगतो. कॅथेड्रलच्या आवारात हजारो माणसे आश्रयाला आली आहेत; त्यांत बौद्धही आहेत. पुढे तो फ्रेंच तुकडीबरोबर निघतो आणि एका कालव्यापाशी येतो. कालवा प्रेतांनी भरलेला आहे. ही माणसे कोण होती, कोणाच्या गोळ्यांनी मेली, कॅथलिक होती की नव्हती, ग्रीन काहीच सांगत नाहीत. पलीकडे जाण्यासाठी एक होडी मिळते, ती त्या प्रेतांत अडकते, आणि सैनिक आपली नजर दुसरीकडे वळवतात. थोड्या वेळाने एका खड्ड्यात एक स्त्री आणि तिचा लहान मुलगा मरून पडलेले दिसतात. फ्रेंच पहारेकऱ्यांनी चुकून झाडलेल्या गोळ्यांनी ती दोघे मेलेली असतात. मुलाच्या अंगाखाली कुरतडलेला पावाचा तुकडा आहे.

या प्रसंगावर लेखक एकही भाष्य लादत नाही. मृतांना तो कोणत्याच पक्षाच्या स्वाधीन करत नाही. ते त्याच्या पुस्तकात जसे होते तसेच पडून राहतात. ही अलिप्तता थंडपणाची नव्हे. अंत्यविधीच्या वेळी आपण मोठ्याने बोलत नाही, त्या जातीची ती आहे.

याच प्रकरणात, याच रात्री, नदीतून एकट्याने होडी वल्हवत ऑल्डन पाइल फात दिएमला येतो. हा बत्तीस वर्षांचा सभ्य अमेरिकन सायगावच्या आर्थिक साहाय्य पथकात काम करतो. तो आलेला असतो फाउलरला एवढेच सांगायला की, तुझ्याबरोबर राहणाऱ्या फुआँगवर माझे प्रेम बसले आहे, आणि हे तुला आधी सांगणे मला प्रामाणिकपणाचे वाटले. गाव जळते आहे, कालवा प्रेतांनी भरला आहे, आणि या माणसाला आपल्या सदसद्विवेकाचा हिशेब चोख ठेवायचा आहे! ग्रीन यांनी पाइलला खलनायक केले असते तर कादंबरी कधीच विस्मृतीत गेली असती. तो शूर आहे. पुढे ताय निन्हच्या रस्त्यावरील बुरुजापाशी तो स्वतःचा जीव धोक्यात घालून फाउलरला वाचवतो. पण व्हिएतनाम त्याने पाहिलेले नाही, वाचले आहे. यॉर्क हार्डिंग नावाच्या काल्पनिक पंडिताच्या ग्रंथांतून त्याला समजले आहे की, वसाहतवादही नको आणि साम्यवादही नको, या देशाला तिसरी शक्ती हवी. ती शक्ती तो जनरल थे या बंडखोर सेनानीत शोधतो आणि त्याला स्फोटके पुरवतो.

आता डॉ. डूली यांच्याकडे वळू. १९५४ च्या मे महिन्यात दिएन बिएन फू येथे फ्रेंचांचा पराभव झाला. जुलैत जिनिव्हा येथे करार होऊन सतराव्या अक्षांशावर देशाचे दोन भाग पडले. तीनशे दिवसांच्या मुदतीत कोणीही कोणत्याही भागात जावे, असे ठरले. कराराच्या देखरेखीसाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे होते, ही गोष्ट आज आपल्याकडे फारशी कोणाच्या स्मरणात नाही. त्या मुदतीत आठ लाखांहून अधिक लोक उत्तरेकडून दक्षिणेत गेले, आणि त्यांत बहुसंख्य कॅथलिक होते. कित्येक गावे आपल्या धर्मगुरूंसह उठून निघाली. तीन लाखांहून अधिक माणसांना अमेरिकन नौदलाने आपल्या जहाजांतून नेले. हैफाँग बंदरातील छावण्यांत या निर्वासितांवर उपचार करणाऱ्यांत डूली होते.

त्यांनी केलेली सेवा खरी होती, यात शंका नाही. पुढे नौदल सोडून ते लाओसच्या डोंगराळ भागात गेले, तेथे त्यांनी रुग्णालये चालवली आणि १९६१ च्या जानेवारीत, चौतिसावा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, कर्करोगाने त्यांचा मृत्यू झाला. परंतु पुस्तक हे सेवेहून वेगळे असते. प्रभूच्या प्रार्थनेतील अखेरच्या विनवणीवरून ज्याचे नाव घेतले आहे अशा त्या पुस्तकात धर्मगुरूंच्या मस्तकात खिळे ठोकल्याच्या, प्रार्थना ऐकली म्हणून मुलांच्या कानांत काड्या खुपसल्याच्या हकिगती आहेत. 'रीडर्स डायजेस्ट'ने पुस्तकाचा संक्षेप छापला, आणि अमेरिकेतील लक्षावधी कुटुंबांना व्हिएतनाम हे नाव प्रथम या हकिगतींमुळे ठाऊक झाले. त्या वेळी तेथे असलेल्या अमेरिकन अधिकाऱ्यांनी १९५६ मध्येच या अत्याचारकथांना पुरावा मिळत नसल्याचे वरिष्ठांना कळवले होते. पण तो अहवाल वर्षानुवर्षे दडून राहिला. हस्तलिखिताला आकार देण्यास साहाय्य करणारे विल्यम लेडरर हे नौदलाच्या प्रसिद्धी विभागातील अधिकारी होते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस डूली यांना संतपद मिळावे म्हणून एका धर्मगुरूने कागदपत्रे मागवली, तेव्हा अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याशी त्यांचा संबंध होता, हे उघडकीला आले. संतपदासाठी शोध घ्यावा आणि हाती गुप्तहेर खात्याच्या नस्ती याव्यात, यासारखी करुण गोष्ट दुसरी नसेल.

येथे घाईने निवाडा करणे योग्य होणार नाही. निर्वासितांचे भय कोणी अमेरिकनाने शिकवलेले नव्हते. उत्तरेतील जमीन-सुधारणांच्या मोहिमेत हजारो माणसांना देहदंड झाला, धर्मगुरूंना कैद झाली, हे इतिहासाने मान्य केले आहे. कर्नल एडवर्ड लान्सडेल यांच्या पथकाने निर्वासनाला उत्तेजन देणारा प्रचार केला, तरी केवळ पत्रकांमुळे आठ लाख माणसे घरदार, शेती आणि पूर्वजांची थडगी सोडत नसतात. म्हणजे दुःख खरे होते. त्यावर खोटी हकिगत चढवण्याची गरजच नव्हती. ती का चढवली गेली? कारण खऱ्या दुःखाला मदत, औषधे आणि निवारा हवा असतो. युद्धाला मात्र राक्षस हवा असतो. डूली यांच्या पुस्तकातील मृत हे आपल्या नावाने, आपल्या गावी, आपल्या मरणाने मेलेले नाहीत. ते एका मोहिमेच्या कामी आले आहेत.

या मोहिमेमागील हेतू काय होते? ग्रीन यांच्या कादंबरीची मर्यादा मला येथे जाणवते. पाइलच्या निरागसतेतच अनर्थाचे मूळ आहे, असे कादंबरी सुचवते. सद्हेतू आणि अज्ञान यांच्या संयोगातून विनाश कसा जन्मतो, हे तिने अजरामर रीतीने दाखवले. पण वॉशिंग्टनमध्ये जे बसले होते ते पाइल नव्हते. १९४९ मध्ये चीन कम्युनिस्ट झाला आणि 'चीन कोणी घालवला' या आरोपाने अमेरिकेतील राजकारण ढवळून निघाले. दुसरा देश घालवण्याचा धोका पत्करण्याची कोणाही अध्यक्षाची तयारी नव्हती. युरोपातील संरक्षणव्यवस्थेसाठी फ्रान्सचे सहकार्य हवे होते. आग्नेय आशियातील रबर, कथील आणि तांदूळ यांच्याकडे, तसेच जपानसाठी लागणाऱ्या बाजारपेठेकडे लक्ष होते. एक देश पडला की शेजारचे देश ओळीने पडतील, हा सिद्धांत अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५४ च्या एप्रिलमध्ये पत्रकारांपुढे मांडला. त्या वर्षापर्यंत फ्रेंचांच्या युद्धखर्चाचा तीन चतुर्थांशाहून अधिक भार अमेरिकाच उचलत होती. १९५६ मध्ये व्हायच्या निवडणुका झाल्या नाहीत. लढाईच्या काळात निवडणूक झाली असती तर कदाचित ८० टक्के लोकांनी हो ची मिन्ह यांना मत दिले असते, असे आयझेनहॉवर यांनीच पुढे आपल्या आठवणींत नमूद केले. लोकशाहीच्या रक्षणासाठी निवडणूक टाळावी लागली, हा विरोधाभास पाइलला सुचला नसता. तो त्याच्या वरिष्ठांना पूर्ण ठाऊक होता.

याहूनही बोलका असा एक कागद आहे. संरक्षण खात्यातील वरिष्ठ अधिकारी जॉन मॅकनॉटन यांनी १९६५ च्या मार्चमध्ये एक टिपण लिहिले. त्यात अमेरिकेच्या व्हिएतनाममधील उद्दिष्टांची टक्केवारीच दिलेली आहे. मानहानिकारक पराभव टाळणे, ७० टक्के. दक्षिण व्हिएतनाम चीनच्या हाती पडू न देणे, २० टक्के. तेथील जनतेला अधिक चांगले, अधिक स्वतंत्र जीवन मिळवून देणे, १० टक्के. हे टिपण १९७१ मध्ये 'पेंटागॉन पेपर्स' या नावाने प्रकाशात आलेल्या गुप्त दस्तऐवजांत होते. डूली यांच्या वाचकांना सांगितला गेलेला हेतू या हिशेबात शेवटचा दहा टक्क्यांचा आहे, आणि ज्या हेतूसाठी सर्वांत अधिक माणसे मेली तो सत्तर टक्क्यांचा हेतू म्हणजे आपली पत. लांबलेल्या युद्धांचे रहस्य बहुधा यातच असते. ते कशासाठी सुरू झाले याला हळूहळू महत्त्व उरत नाही. थांबवले तर आपण कोण ठरू, ही भीती ते पुढे रेटत राहते. १९६४ च्या अखेरीस तेथे सुमारे २३ हजार अमेरिकन सैनिक होते. १९६९ च्या एप्रिलपर्यंत ती संख्या ५ लाख ४३ हजारांवर गेली.

कादंबरीतील स्फोटाचा प्रसंग या पार्श्वभूमीवर पुन्हा वाचावा. जनरल थेच्या लोकांनी सायगावच्या चौकात लष्करी संचलनाच्या वेळेसाठी बॉम्ब ठेवलेला असतो. संचलन रद्द होते. बॉम्ब मात्र फुटतो. बाजाराची वेळ असल्याने चौकात बायका-मुलेच असतात. एक आई आपल्या तान्ह्या मुलाचे जे काही उरले आहे ते मांडीवर घेऊन बसते आणि त्यावर आपली गवती टोपी झाकते. फाउलरला त्या चौकातील शांततेने मिस्साच्या वेळच्या ख्रिस्तमंदिराची आठवण होते. श्रद्धा नसलेल्या निवेदकाच्या तोंडी ही उपमा घालून ग्रीन यांनी काय साधले, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. पाइल तेथे येतो. बुटांवर काय लागले आहे हे तो खाली वाकून पाहतो, आणि मंत्र्यांच्या भेटीपूर्वी ते स्वच्छ केले पाहिजेत, असे त्याच्या तोंडून निघते. पुढे तो अशी समजूत घालतो की ही माणसे एका अर्थी लोकशाहीसाठीच मेली. सायगावमध्ये १९५२ च्या जानेवारीत असे स्फोट खरोखर झाले आणि त्यांमागे खरा जनरल त्रिन्ह मिन्ह थे होता. त्यांत अमेरिकेचा हात होता, हे मात्र सिद्ध झालेले नाही. कादंबरीला पुरावा समजून वाचणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे. जी चूक डूली यांच्या बाबतीत झाली तीच ग्रीन यांच्या बाबतीत उलट दिशेने करण्याचे कारण नाही.

या कादंबरीचा अमेरिकेत किती राग आला, ते १९५८ च्या चित्रपटावरून कळते. दिग्दर्शक जोसेफ मॅन्किविक्झ यांना लान्सडेल यांनी आधीच पत्राने सल्ला दिला होता. पडद्यावर अमेरिकन तरुण निर्दोष ठरला आणि स्फोट कम्युनिस्टांच्या माथी मारला गेला. पाइलच्या जागी दुसऱ्या महायुद्धातील अत्यंत सन्मानित अमेरिकन सैनिक, नट ऑडी मर्फी, उभा होता. मृत तेच, चौक तोच. फक्त साक्ष फिरवली. पुढे २००२ मध्ये फिलिप नॉइस यांनी मूळ कादंबरीशी प्रामाणिक असा चित्रपट केला, तेव्हा ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतरच्या वातावरणात तो प्रदर्शित करायला वितरक बराच काळ धजावले नाहीत.

कादंबरीतील एका गौण पात्राविषयी आपल्या वाचकांना विशेष जिव्हाळा वाटेल. फाउलरचा साहाय्यक डॉमिंगेज हा भारतीय आहे. हे आडनाव वाचताच वसई-गोव्याकडील माणसाला आपला कोणी भेटल्यासारखे वाटते. सौम्यता, नम्रता आणि सत्यावरील निरपवाद प्रेम एवढेच त्याचे भांडवल. वार्ताहरांच्या जगात प्रत्येकाला दुसऱ्याहून खळबळजनक बातमी पाठवायची असते. या माणसाला मात्र गर्वच नसल्याने खोटे लिहिण्याचे कारण नाही. स्फोटकांच्या रहस्याचा माग फाउलरला लागतो तोही त्याच्यामुळे, आणि तो बिचारा स्वतः तापाने अंथरुणाला खिळलेला असतो. समीक्षकांनी पाइल आणि फाउलर यांच्यावर बरेच लिहिले. डॉमिंगेजकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. हैफाँगच्या छावणीत निर्वासितांच्या हकिगती टिपून घ्यायला डूली यांच्याऐवजी हा डॉमिंगेज असता तर, असा विचार माझ्या मनात अनेकदा आला आहे. ग्रीन यांच्या लेखनातील राजकारण आणि धर्म यांवर १९८८ मध्ये विचक्षण इंग्रजी ग्रंथ लिहिणाऱ्या मारिया आवरोरा कुतो या गोव्याच्याच, हाही एक सुखद योग.

युद्धाची किंमत आकड्यांत सांगायची तर ५८ हजारांहून अधिक अमेरिकन सैनिक मेले. व्हिएतनाम सरकारने १९९५ मध्ये दिलेल्या अंदाजाप्रमाणे आपल्या बाजूचे ११ लाख लढवय्ये आणि दोन्ही भागांतील सुमारे २० लाख नागरिक मेले. अमेरिकेचा लष्करी खर्च २०११ च्या किमतींनुसार ७३८ अब्ज डॉलर भरतो. पण एक तपशील मला अधिक अस्वस्थ करतो. ज्या लाओसमध्ये डूली यांनी रुग्णालये उभारली, त्याच लाओसवर १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकन विमानांनी २० लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. त्यांतील न फुटलेल्या लहान बॉम्बगोळ्यांनी युद्ध संपल्यानंतरही शेतकरी आणि मुले मरत राहिली. डूली हे पाहायला जिवंत नव्हते. त्यांच्या करुणेचा वारसा सांगणाऱ्यांनी मात्र हे होऊ दिले.

ज्या कॅथलिक निर्वासितांच्या नावाने हे चालले होते त्यांचे पुढे काय झाले? दक्षिणेचे अध्यक्ष न्गो दिन्ह दिएम हे स्वतः कॅथलिक. लोकसंख्येत सुमारे दहा टक्के असलेला हा समाज त्यांच्या सत्तेचा आधार बनला, आणि त्यामुळे बहुसंख्य बौद्धांच्या नजरेत तो सत्ताधाऱ्यांचा समाज ठरला. १९६३ च्या मे महिन्यात हुए येथे बौद्धांच्या जमावावर गोळीबार झाला. जूनमध्ये भिक्षू थिक क्वांग दुक यांनी सायगावच्या रस्त्यात स्वतःला जाळून घेतले. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या मूक संमतीने झालेल्या लष्करी उठावात दिएम मारले गेले. महासत्तेने दिलेले संरक्षण किती काळ टिकते, याचे उत्तर त्यांना नऊ वर्षांत मिळाले. अल्पसंख्य समाजाने दूरच्या सामर्थ्यावर विसंबून शेजाऱ्यांपासून तुटावे, यात केवढा धोका आहे! ख्रिस्तसभेतही या युद्धाविषयी एकमत नव्हते. न्यूयॉर्कचे कार्डिनल स्पेलमन यांनी १९६६ च्या नाताळात सैनिकांपुढे या युद्धाला संस्कृतीच्या रक्षणाचा लढा म्हटले, तर पोप सहावे पॉल यांनी त्यापूर्वीच, ४ ऑक्टोबर १९६५ रोजी, संयुक्त राष्ट्रांत युद्ध कायमचे थांबवण्याची कळकळीची विनवणी केली होती आणि पुढे ते सतत वाटाघाटींचा आग्रह धरत राहिले.

अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी २००७ च्या ऑगस्टमध्ये माजी सैनिकांपुढील भाषणात ग्रीन यांच्या या कादंबरीचा आणि पाइलचा उल्लेख केला होता. इराकमधून सैन्य काढावे असे म्हणणाऱ्यांना ते सांगत होते की, व्हिएतनाममधून निघून गेल्याचीही किंमत निरपराध माणसांनीच मोजली. हा मुद्दा झटकून टाकण्यासारखा नाही. १९७५ नंतरच्या सक्तीच्या छावण्या, होड्यांतून समुद्रात निघालेली लाखो माणसे, कंबोडियातील नरसंहार, हे सर्व घडले, आणि होड्यांतील माणसांत कॅथलिक कुटुंबे पुष्कळ होती. पण येथेही मृतांना बोलावले गेले ते आणखी एक युद्ध लांबवण्यासाठी. अफगाणिस्तानातील युद्ध तर २००१ च्या ऑक्टोबरपासून ३० ऑगस्ट २०२१ पर्यंत चालले. त्याचा खर्च ब्राउन विद्यापीठातील अभ्यासकांनी सुमारे २.३ लाख कोटी डॉलर असा काढला आहे. काबूलच्या विमानतळावरील शेवटच्या दिवसांची दृश्ये पाहताना ज्यांना १९७५ चे सायगाव आठवले, त्यांनी खरे म्हणजे त्याआधीचे, १९५४ चे हैफाँग आठवायला हवे होते.

ग्रीन यांच्या बाजूने एवढे लिहिल्यावर त्यांच्या कादंबरीतील एक मोठी उणीव सांगितली नाही तर ते पक्षपाताचे होईल. फुआँग या कादंबरीत जवळजवळ बोलतच नाही. ती अफूची नळी भरते, राजघराण्याच्या चित्रांची मासिके चाळते, एका पुरुषाकडून दुसऱ्याकडे जाते आणि पुन्हा परत येते. तिच्या मनात काय आहे, हे फाउलरला कळत नाही. हे अज्ञान निवेदकाचे आहे, लेखकाचे नव्हे, असा बचाव समीक्षक करतात. तो अर्धाच पटतो. पाइलने व्हिएतनाम पुस्तकातून वाचला. फाउलरने तो हॉटेलच्या गच्चीवरून पाहिला. त्या देशाचा माणूस स्वतःच्या दुःखाविषयी काय म्हणेल, याची जागा दोघांच्याही जगात रिकामीच आहे. डूली यांच्या पुस्तकातील निर्वासित तरी किमान रडतात.

ही जागा १९९० मध्ये भरली गेली. उत्तर व्हिएतनामच्या सैन्यात लढलेले बाओ निन्ह यांची कादंबरी त्या वर्षी त्यांच्या देशात निघाली आणि काही वर्षांतच 'द सॉरो ऑफ वॉर' या नावाने इंग्रजीत आली. तिचा नायक किएन हा जिंकलेल्या सैन्याचा माणूस. युद्ध संपल्यावर त्याला काम मिळते ते जंगलात राहिलेल्या सोबत्यांची हाडे गोळा करण्याचे. विजयाचा जयघोष या पुस्तकात कोठेही नाही, आणि म्हणून विजयी सरकारलाही ते रुचले नाही. किएन मृतांना नावाने ओळखतो. कोण कोठे पडला, त्याच्याजवळ काय होते, शेवटी तो काय म्हणाला, हे आठवत आठवत तो लिहितो आणि लिहिलेली पाने तशीच विस्कटलेली ठेवतो. योगायोग असा की त्याच्या प्रेयसीचे नावही फुआँगच आहे. ही फुआँग मात्र गाते, भांडते, युद्धाची थट्टा करते, आगगाडीच्या डब्यात तिच्यावर जे गुदरले ते सोसून उभी राहते, आणि एके दिवशी कोणालाही न सांगता किएनचे घर सोडून निघून जाते.